नावाड्याचं वाक्य

धाकटीचं काम ऐकलं की लोक आधी हसायचे. "म्हणजे दिवसभर गेम खेळायचा आणि वर पगार?" तीही हसून म्हणायची, "हो ना, पाचही बोटं तुपात." पण खेळणं आणि तपासणं यात केवढं अंतर आहे ते तिचं तिलाच माहीत. खेळणारा माणूस एकदा विहिरीत उडी मारतो, हसतो आणि पुढे जातो. धाकटीला त्याच विहिरीत चाळीस वेळा उडी मारावी लागायची, आणि काठावरची बाई चाळीसही वेळा ओरडते की मध्येच गप्प बसते, हे लिहून ठेवावं लागायचं. संध्याकाळी घरी जाताना डोकं नुसतं भणभणायचं.

गेममध्ये एक मोठं गाव होतं. मधून नदी, अलीकडे बाजार, पलीकडे डोंगर. खेळणारे तुम्ही एकटे, बाकीची अडीचशे माणसं संगणक चालवायचा. कंपनीने जाहिरातीत ठसठशीत लिहिलं होतं, "ही माणसं तुम्हाला ओळखतात." त्यावरून खेळणाऱ्यांमध्ये अगदी हमरीतुमरी चालायची. एक म्हणायचा, मी चोरी केल्यापासून लोहार माझ्याशी धड बोलत नाही, त्याला खरंच राग आलाय. दुसरा म्हणायचा, राग कसला डोंबलाचा, सगळी पोपटपंची आहे.

खरं तर दुसऱ्याचं बरोबर होतं. हे सगळं चालवणारा प्रोग्रॅमर धाकटीच्या शेजारीच बसायचा. काम करताना सतत गुणगुणायचा म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगून टाकलं होतं, "हे बघ, लोहाराला तू दिसत नाहीस. तू तीन पावलांच्या आत आलीस एवढंच त्याला कळतं. मग तो तक्त्यात बघतो. हिने चोरी केली आहे का? केली आहे. मग रागाची पाच वाक्यं आहेत, त्यातलं एक उचलतो आणि तुझ्या तोंडावर फेकतो. पाचही संपली की पुन्हा पहिल्यापासून."

"आणि एकही वाक्य लागू पडत नसेल तर?"

"तर दोनदा डोळे मिचकावतो आणि शर्टाची बाही झटकतो. आपण बघणाऱ्याला वाटतं, विचार करतोय!" असं म्हणून भुंगा स्वतःच खो खो हसला.

तो तक्ता सगळ्यांना उघडा होता. एकेका ओळीत एकेक वाक्य, ते कधी म्हणायचं, कोणी लिहिलं आणि कुठल्या तारखेला लिहिलं. वाक्यं लिहिणारे चौघे होते, आणि त्या चौघांचा प्रमुख होता थोरला. थोरला म्हणजे धाकटीचा सख्खा मोठा भाऊ.

थोरल्याचं लहानपणापासून असं होतं, की प्रसंग कुठलाही असो, याचं वाक्य तयार. शेजारी भांडण झालं, हा जाऊन दोन शब्द बोलला की भांडणारे एकमेकांना चहा पाजायचे. ऑफिसात कोणी रडकुंडीला आलं की लोक म्हणायचे, जा, त्याच्याशी बोलून ये. बाबा मात्र अगदी उलट. शिलाई मशीन दुरुस्त करायचे, आणि बोलणं म्हणाल तर तोंडात मूग धरून बसल्यासारखं. मुलीला चांगले मार्क पडले, बाबा म्हणाले, "चालेल." जेवण कसं झालंय? "चालेल." मशीनखाली घालायला नवा पाट आणला, तो दोनदा थोपटून बघितला आणि म्हणाले, "चालेल." आई गेल्यावर घरात बाबा आणि धाकटी ही दोघंच उरली. थोरला नोकरीसाठी लांबच्या शहरात.

बाबांचं दुखणं दोन महिने चाललं. धाकटी हातातली नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहिली. दिवसरात्र हॉस्पिटलात, दुपारी दोन तास काय ते आंघोळीला घरी. आणि शेवटी व्हायचं ते काय झालं? ज्या संध्याकाळी बाबा गेले, नेमकी त्याच वेळी ती खाली चहाला गेली होती. दहा मिनिटं, फार तर बारा. परत आली तर नर्स दारातच उभी. साठ दिवस उशाशी बसलेल्या मुलीला ती दहा मिनिटं तेवढी साधता आली नाहीत. हे तिच्या मनाला असं लागलं, की त्यानंतर चहाचा वास आला तरी तिला मळमळायचं.

थोरला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. ती त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "दादा, मी चहाला गेले होते रे." त्याने तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, मान जराशी कलती केली आणि म्हणाला, "वेडी आहेस का? अगं, परवाच मला फोनवर म्हणाले, ती आहे ना जवळ, मला आता कसलीच काळजी नाही."

ते ऐकून ती ढसाढसा रडली आणि त्या रात्री प्रथमच झोपली. बाबा असं गोड कधी बोलायचे नाहीत, हे तेव्हा तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण मरणाच्या दारात माणूस मऊ होत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, हिला तर ओंडका मिळाला होता. तीन महिन्यांनी थोरल्याने तिला आपल्या शहरात बोलावलं, आपल्याच कंपनीत चिकटवलं, राहायला खोली बघून दिली. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं ती येता-जाता सगळ्यांना सांगायची. चहासुद्धा पुन्हा घ्यायला लागली.

आता त्या सोमवारचं ऐका.

त्या आठवड्यात तिच्याकडे म्हाताऱ्या वाटाड्याच्या मरणाचा नवा भाग आला होता. गेममध्ये हा म्हातारा सुरुवातीपासून तुमच्या बरोबर चालतो आणि अर्ध्या वाटेवर मरतो. तो मेल्यावर गावातल्या एकेका माणसासमोर जाऊन उभं राहायचं आणि कोण काय बोलतं ते तपासायचं, एवढंच काम. कुंभारीण म्हणाली, वाईट झालं बाई. लोहाराने मान खाली घातली. धाकटीने यांत एक खोडी मुद्दाम केली होती. म्हाताऱ्याला तिने एकदाही नदीकाठी नेलं नव्हतं. तो नावाड्याला भेटलेलाच नसेल, तर नावाडी काय बोलतो ते तिला बघायचं होतं. असल्या आडवाटा शोधण्यात ती पटाईत होती.

ती होडीपाशी गेली. तीन पावलांच्या आत येताच नावाड्याने वल्हं खाली ठेवलं, मान कलती केली आणि म्हणाला, "वेडी आहेस का? अगं, परवाच मला म्हणाला, ती आहे ना जवळ, मला आता कसलीच काळजी नाही."

"सापडला!" धाकटी मोठ्याने म्हणाली. बग, म्हणजे गेममधली चूक, सापडला की टेस्टरला होतो तो आनंद. सवयीने तिने रिपोर्ट उघडला. रिपोर्टात तीन रकाने असायचे, काय केलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं. तिसरा रकाना रिकामा ठेवला तर रिपोर्ट पुढे जायचाच नाही. तिने भराभरा लिहिलं. म्हाताऱ्याची आणि नावाड्याची भेट होऊ दिली नाही. तरीही नावाडी 'परवाच मला म्हणाला' असं सांगतो. न झालेलं बोलणं झालं म्हणून सांगतो आहे. भेट झालेली नसेल तर त्याने हे वाक्य म्हणू नये. बटण दाबलं, रिपोर्ट गेला.

आणि मग तिने स्वतःच लिहिलेलं पुन्हा वाचलं.

पहिल्यांदा तिला आला तो राग. बाबांचं शेवटचं बोलणं! ते या माणसाने उचलून नावाड्याच्या तोंडात घातलं? उद्या लाखो लोक होडीत बसता-बसता ते ऐकणार, आणि कंटाळा आला की पुढे ढकलणार? अरे, निदान विचारायचंस तरी! "आज याला सोडत नाही," असं पुटपुटत तिने तक्ता उघडला. बाबा गेल्यानंतरची तारीख तोंडावर फेकायची, म्हणजे याला पळायला वाट राहणार नाही.

नावाडी, ओळ सत्तेचाळीस. लिहिणारा थोरला. तारीख बघितली. मग बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. बाबा जाऊन अकरा महिने झाले होते. वाक्य अठरा महिन्यांपूर्वीचं होतं.

तेव्हा बाबा दुकानात बसून मशीनला तेल घालत होते. दुखणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बघा, कसा असतो माणूस. पाच मिनिटांपूर्वी भावाने बाबांचं बोलणं चोरलं म्हणून ती चवताळली होती. आता ती मनातल्या मनात विनवत होती की चोरलंच असू दे, बाबा, चोरलंच असू दे.

"काय गं, भूत बघितलंस की काय?" भुंग्याने गुणगुणणं थांबवून विचारलं.

"भुंग्या, या तक्त्यातली तारीख चुकू शकते का?"

"माणूस चुकेल, तारीख नाही. ती आपोआप पडते."

संध्याकाळपर्यंत तिने स्वतःला हजार कारणं दिली. असं वाक्य कोणाच्याही तोंडी येतं. बाबा खरंच म्हणाले असतील, योगायोगाने तेच शब्द आले असतील. दोन माणसं तेच बोलू शकत नाहीत असं थोडंच आहे? खोलीवर आल्यावर मात्र तिला आठवलं, की बाबांचा फोन कपाटातच पडला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दिवसाला शंभर नोंदी तपासणाऱ्या बाईने अकरा महिन्यांत हा एवढासा फोन उघडून बघितला नव्हता. भावावर कोण पाळत ठेवतं?

तिने फोन चार्जिंगला लावला. उजळायला बराच वेळ लागला. मग तिने आल्या-गेल्या फोनची यादी उघडली.

शेवटच्या नऊ दिवसांत थोरल्याशी एकही बोलणं झालेलं नव्हतं. बाबा जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती घरी आंघोळीला गेली होती तेव्हा, बाबांनी थोरल्याला तीन वेळा फोन लावला होता. तीन वेळा. तिन्ही वेळा त्याने उचलला नव्हता. नंतर उलटून केलाही नव्हता.

म्हणजे 'परवाच' तेवढं खरं होतं. परवा फोन आला होता हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यावर त्याने पुढचं वाक्य तक्त्यातलं जोडून दिलं होतं. परका माणूस फसवतो तेव्हा राग येतो. आपल्याच माणसाने केसाने गळा कापला की राग यायलाही वेळ लागतो. ती फोन मांडीवर घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या रिपोर्टला थोरल्याचं उत्तर आलं होतं. "हा बग नाही. मुद्दाम ठेवलं आहे. खेळणाऱ्याला बरं वाटतं. बदल नको." रिपोर्ट बंद.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या खोलीत गेली. भांडायला म्हणून निघाली होती, पण दारातून आत जाता-जाता तिने ठरवलं, की आधी तपासायचं. जे केलं होतं तेच पुन्हा करायचं आणि काय होतं ते बघायचं. तिचं कामच ते.

थोरल्याने वर बघितलं. "ये ये. जेवलीस?"

ती तीन पावलांवर येऊन उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "मी तेव्हा चहाला गेले होते रे."

त्याचा चेहरा लगेच मऊ झाला. खुर्ची मागे सारून तो उठला, तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि मान जराशी कलती केली. मनात ती म्हणत होती, नको रे, दुसरं काहीतरी बोल, काहीही बोल, शिवी दे हवी तर.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "अगं, परवाच मला फोनवर म्हणाले, ती आहे ना जवळ, मला आता..."

"परवा?" ती म्हणाली.

त्याने खांद्यावरचा हात काढला.

"बाबांना जाऊन अकरा महिने झाले, दादा. परवा कुठून म्हणाले?"

"म्हणजे... त्या वेळच्या परवा. तू पण ना, शब्दात पकडतेस."

तिने बाबांचा फोन त्याच्या टेबलावर ठेवला, यादी उघडून. शेजारी तक्त्याचा छापलेला कागद ठेवला, ओळ सत्तेचाळीस. त्याने आधी कागद बघितला, मग फोन. मग दोनदा डोळे मिचकावले आणि शर्टाची बाही झटकली.

हे बघून धाकटीला हसू फुटलं. रडू यायच्या जागी हसू. ते ऐकून बाहेरच्या दोघांनी माना वळवल्या. मग थोरल्याला बोलायला सुचलं.

"तुला बरं वाटलं होतं ना?" तो म्हणाला. "तुझी अवस्था काय होती आठव. आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायली नव्हतीस. मी काय करायला हवं होतं? मला तेव्हा जे चांगलं सुचलं ते मी बोललो."

"सुचलं नाही. आठवलं."

"त्याने काय फरक पडतो? बरं वाटलं की नाही, एवढं सांग."

"वाटलं. अकरा महिने वाटलं," ती म्हणाली. "त्याच्यावरच जगले मी. बाबा काय म्हणाले ते तू मला दिलंस असं मला वाटत होतं. तू मला उरलंसुरलं दिलंस, दादा. आणि तीन फोन? ते का नाही उचललेस?"

आता मात्र थोरल्याचा चेहरा खरंच पडला. तो खुर्चीत बसला. आवाज एकदम बारीक झाला. "मीटिंग होती. मला वाटलं, ते... औषधाचं काहीतरी असेल. मग रात्री करू म्हटलं. रात्री पण... मी घाबरलो गं. ते काय बोलतील त्याला घाबरलो." शब्द अडखळत होते, एकावर एक पडत होते. डोळे भरून आले होते.

कोणाही बहिणीने इथे त्याला जवळ घेतलं असतं. धाकटीचा हातही उचलला गेला होता. पण संशय एकदा मनात शिरला की शिरला. तिला कळेना, हे खरं की हेही कुठल्यातरी ओळीतलं? इतक्या वर्षांत त्याने जे जे बोलून तिला सावरलं, आई गेली तेव्हा, तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, त्यातलं तिच्यासाठी किती होतं?

"परत सांग," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता सांगितलंस ते. परत सांग."

त्याने डोळे पुसले. एक श्वास घेतला. "मीटिंग होती," तो म्हणाला. "फोन हातातच होता. बाबांचं नाव तीनदा उजळलं आणि तीनदा विझलं. मी घाबरलो गं. ते काय बोलतील याला नाही, मी काय बोलेन याला घाबरलो."

दुसऱ्या खेपेला वाक्य सुधारलं होतं.

त्याला स्वतःलाही ते कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. कदाचित दोन्ही खेपांना तो खरंच बोलत असेल. पण रडता-रडतासुद्धा ज्याचा हात शब्द नीटनेटके करायला जातो, त्याच्या रडण्याला कुठे धरायचं हे तिला समजेना. तिने बाबांचा फोन उचलला आणि ती बाहेर आली. थोरल्याने मागून हाक मारली, एकदाच, नुसती "ए..." अशी. ती थांबली नाही.

जागेवर येऊन बसली. भुंग्याने एकदा बघितलं आणि निमूटपणे आपलं गुणगुणणं बंद केलं. खाली कोणाचा तरी चहा आला होता, वास वरपर्यंत येत होता. त्या वासाबरोबर तिला ती संध्याकाळ आठवली, अकरा महिन्यांत कधी आठवली नव्हती तशी पूर्ण. पलंगापाशी उभी राहून ती म्हणाली होती, "बाबा, खाली जाऊन चहा घेऊन येते, जाऊ ना?" बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं होतं. तिचा चुरगळलेला कुर्ता, विस्कटलेले केस, सगळं नीट बघितलं होतं. आणि म्हणाले होते, "चालेल."

ते तिला मिळालेलं शेवटचं बोलणं. फक्त तिच्यासाठी, तिने विचारलं म्हणून. ते तिच्याजवळ होतं. या भावाने त्याच्यावर आपलं गुळगुळीत वाक्य आणून ठेवलं, आणि खालचं तिने अकरा महिने उचलूनही बघितलं नाही. आता मात्र तिला रडू आलं, मान खाली घालून, कोणाला न दाखवता.

मग तिने नाक पुसलं आणि बंद झालेला रिपोर्ट पुन्हा उघडला. पहिले दोन रकाने होते तसेच ठेवले. तिसऱ्या रकान्यातलं आधीचं पुसलं. काय व्हायला हवं होतं? पडद्यावर नावाडी वल्हं हातात घेऊन उभाच होता, ती कधी जवळ येते याची वाट बघत. तिने लिहिलं, "माहीत नव्हतं तर गप्प बसायला हवं होतं," आणि पाठवून दिलं.